इअरफोनची जोडणी आणि जुळणी

वाणिज्य शाखेत आल्यावर आपण सर्वजण भारतीय करार कायदा, १८७२ शिकतो. त्यातील तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हाच त्यांची संमती झाली असे म्हणता येते. हे कलम परीक्षेपुरते पाठ करून आपण पुढे जातो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सिल्वासा येथे महिनाभर राहिलो आणि तेथे ते मला जवळजवळ रोज आठवले. तेही कोर्टकचेरीच्या निमित्ताने नव्हे, तर कानात घालावयाच्या इअरफोनच्या निमित्ताने.

टॅबलेटला इअरफोन जोडणे हे काम वरवर पाहता भोकात पिन घालण्याचे किंवा पडद्यावर बोट ठेवण्याचे आहे. प्रत्यक्षात दोन यंत्रांनी एकाच गोष्टीचा एकच अर्थ लावावा लागतो. मराठीत यासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत : जोडणी आणि जुळणी. कन्नडमध्येही 'जोडिसु' आणि 'होंदिसु' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि 'होंदाणिके' हा शब्द तर माझ्या आजोळी सासू-सुनांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्यांना लावतात. पुष्कळदा जोडणी होते, पण होंदाणिके होत नाही. मग आपण "इअरफोन बिघडला" असे म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकतो व नवा आणतो. हा खर्च बहुतेक वेळा टाळता येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम सिल्वासाविषयी थोडेसे, कारण आपल्या भागात हे गाव फारसे कोणी पाहिलेले नाही. दादरा आणि नगर हवेली हा गुजरात व महाराष्ट्र यांच्यामधला छोटा मुलूख. २ ऑगस्ट १९५४ रोजी तो पोर्तुगीजांच्या हातून सुटला, १९६१ साली भारतात रीतसर सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. सिल्वासा हे त्यातले मुख्य गाव. गावाला रेल्वे नाही. वापी स्टेशनवर उतरून रिक्षाने किंवा बसने जावे लागते. करसवलतीमुळे येथे कारखाने आले, आणि कारखान्यांमागून सगळ्या देशातली माणसे आली. एकाच जिन्यात गुजराती, मराठी, वारली, हिंदी आणि ओडिया ऐकू येते. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, आमली भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो व सूत-धाग्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो.

रात्रपाळी करून दादा सकाळी आठच्या सुमारास घरी येतो आणि दुपारी दोनपर्यंत झोपतो. नेमक्या त्याच वेळात माझी पुतणी अभ्यासाला बसते. ती अकरावी वाणिज्यला आहे आणि तिची शिकवणी टॅबलेटवर असते. दोन खोल्या, मध्ये नुसता पडदा. आवाज मोठा केला तर बापाची झोप मोडते. बंद ठेवला तर पडद्यावर फळा दिसतो, जर्नलच्या नोंदी दिसतात, पण कोणते खाते नावे का आणि कोणते जमा का, हे सांगणारा आवाज नाही. मी गेलो त्या वेळी ती असेच मुके धडे पाहून वहीत उतरवून घेत होती. "काका, बाबा झोपलेत, हळू बोला," हे तिचे पहिले वाक्य. घरात इअरफोन नव्हते असे नाही. तीन होते. एकही नीट चालत नव्हता.

टॅबलेट आपल्याकडे शिक्षणात कधी आला याची आठवण येथे करून देणे योग्य होईल. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यामागे मुंबईची आयआयटी होती. २०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅबलेट दिले. २०१७ पासून शेजारच्या गुजरातने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हजार रुपयांत टॅबलेट देण्याची योजना काढली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत तर ज्याला मिळेल त्याने मिळेल तो पडदा घेतला. या सर्व काळात चर्चा झाली ती पडद्याची व किमतीची. एका खोलीत चार माणसे असताना तो धडा ऐकायचा कसा, याची चर्चा मी तरी फारशी वाचलेली नाही.

आता पहिला इअरफोन घेऊ. हा वायरचा, जुन्या मोबाइलबरोबर आलेला. पुतणीच्या टॅबलेटला गोल भोक आहे, इअरफोनला गोल पिन आहे, पिन आत जाते. तरीही शिक्षकांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येई.

ही गोल पिन फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेली माणसे एका ग्राहकाची तार दुसऱ्याला जोडण्यासाठी ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन वापरीत. तिचीच ही ३.५ मिलिमीटरची धाकटी बहीण. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर ती घरोघर आली आणि १९७९ साली जपानमध्ये वॉकमन निघाल्यावर तरुणांच्या कानापर्यंत पोहोचली. पिनेकडे नीट पाहिले तर तिच्यावर काळी किंवा पांढरी कडी दिसतील. दोन कडी म्हणजे पिनेचे तीन भाग : टोक डाव्या कानासाठी, मधला भाग उजव्या कानासाठी आणि बुडाचा भाग दोघांच्या परतीच्या सामाईक तारेसाठी. तीन कडी असली की भाग चार होतात, चौथा माइकसाठी.

खरी गंमत या चौथ्या भागापाशी आहे. सामाईक तार कोणत्या भागावर आणि माइक कोणत्या भागावर, याविषयी जगात दोन पद्धती पडल्या. एकीला सीटीआयए म्हणतात, दुसरीला ओएमटीपी. पहिलीत माइक अगदी बुडाशी असतो व सामाईक तार त्याच्या वरच्या भागावर. दुसरीत नेमके उलटे. आजचे बहुतेक सर्व टॅबलेट व फोन पहिल्या पद्धतीचे आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या काही फोनांबरोबरचे इअरफोन दुसऱ्या पद्धतीचे आहेत. पिन तीच, जाडी तीच, कडीही तितकीच, पण एकाच भागाचा टॅबलेट एक अर्थ लावतो आणि इअरफोन दुसरा. तेराव्या कलमाच्या भाषेत, संमतीच झालेली नाही.

अशा वेळी आवाज पूर्ण बंद पडत नाही, म्हणूनच माणूस फसतो. परतीची तार नीट न मिळाल्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूंचा फक्त फरक कानावर येतो. दोन्हींत जे समान असते ते एकमेकांना खाऊन टाकते. हल्लीच्या चित्रपटगीतात वाद्ये डावी-उजवीकडे पसरलेली असतात आणि गायकाचा आवाज मध्यभागी, म्हणजे दोन्हींत सारखा असतो. त्यामुळे वाद्ये ऐकू येतात व गायक गडप होतो. शिक्षकांचा आवाज तर दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच असतो. तो जवळजवळ सगळाच जातो. याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. मी प्रथम एक नवे गाणे लावले. ढोलकी व व्हायोलिन स्वच्छ, गाणारी बाई मात्र शेजारच्या इमारतीत. मग सुधीर फडके यांचे एक जुने, स्टिरिओच्या आधीच्या काळातले गाणे लावले. ते तर पार नाहीसे झाले. (बाबूजी स्वतः या मुलखाच्या मुक्तिलढ्यात उतरले होते, आणि त्या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. त्याच मुलखात त्यांचा आवाज असा गायब व्हावा, हे मला बरे वाटले नाही.) नंतर वायरवरील माइकचे बटण दाबून धरले. दाबताक्षणी आवाज परत आला! बटण दाबल्यावर माइकची तार सामाईक तारेला टेकते व चुकलेला मार्ग तात्पुरता पुरा होतो. बटण दाबून आवाज सुधारला तर दोष पद्धतीचा आहे, इअरफोन शाबूत आहे, असे खुशाल समजावे. एका पद्धतीतून दुसरीत नेणारा वीतभर वायरचा जोड बाजारात मिळतो.

मात्र जोड आणण्यापूर्वी टॅबलेटचे कव्हर काढून पाहावे. रबरी कव्हर जाड असले तर पिन दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहते, प्रत्येक भाग एकेक घर चुकून बसतो आणि अगदी वर सांगितलेलीच लक्षणे दिसतात. भोकात साठलेल्या धुळीनेही तेच होते. सुकी, लाकडी दातकोरणी हलक्या हाताने फिरवावी. सुई किंवा टाचणी कदापि घालू नये.

दुसरी गोष्ट शेजारच्या मुलाची. तो पॉलिटेक्निकला आहे व त्याच्याकडचा टॅबलेट नवा आहे. त्याला गोल भोकच नाही, फक्त टाइप-सी. गोल भोक नाहीसे होण्याची सुरुवात मोठ्या प्रमाणात सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. आयफोनच्या सातव्या आवृत्तीतून ॲपलने ते काढले, आणि त्याच दिवशी आपले बिनतारी एअरपॉड्स जाहीर केले. आयपॅडच्या दहाव्या पिढीतून २०२२ साली ते गेले. जागा वाचते, पाणी शिरत नाही, अशी कारणे दिली जातात व ती खोटी नाहीत. पण वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला यात एक नोंद स्पष्ट दिसते : उत्पादकाच्या खर्चातून जे कमी झाले ते ग्राहकाच्या खाती नावे पडले. पूर्वी टॅबलेटच्या किमतीत येणारी सोय आता वेगळी विकत घ्यावी लागते.

ती सोय म्हणजे टाइप-सीतून गोल भोक काढून देणारा छोटा जोड. या मुलाने असा जोड ९९ रुपयांना आणला होता. दुसऱ्या एका फोनवर तो उत्तम चाले. याच्या टॅबलेटवर मात्र चाले ना. आवाज टॅबलेटच्या स्पीकरमधूनच येई. दुकानदार म्हणे टॅबलेट खराब आहे, आणि मुलगा म्हणे दुकानदार लबाड आहे. दोघांचेही म्हणणे चूक होते.

टाइप-सीत चोवीस बारीक संपर्क असतात आणि त्यांतून आवाज दोन प्रकारे बाहेर येऊ शकतो. पहिल्या प्रकारात टॅबलेटच आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो व तयार लहरी बाहेर सोडतो. या वेळी जोडात नुसत्या तारा असल्या तरी चालतात. दुसऱ्या प्रकारात टॅबलेट कोरे आकडे बाहेर पाठवतो, आणि रूपांतर करणारी चिप जोडातच असावी लागते. तिला डॅक म्हणतात. साध्या तारांचा जोड पहिल्या प्रकारच्या यंत्रावरच चालतो आणि बाहेरून दोन्ही जोड हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून डॅक असलेला जोड मागावा. तो महाग असतो, पण बहुतेक सर्व नव्या टॅबलेटवर चालतो. या मुलाला तो ४५० रुपयांना पडला व लावताक्षणी चालला. खरेदी करताना स्वतःचा टॅबलेट दुकानात नेऊन लावून पाहावा, हे उत्तम. काही कंपन्यांच्या यंत्रांत 'ओटीजी' नावाचे बटण सेटिंगमध्ये चालू करावे लागते, एरवी बाहेरची वस्तू ओळखलीच जात नाही. आणखी एक अडचण राहतेच : भोक एकच असल्यामुळे ऐकणे व चार्जिंग एकाच वेळी होत नाही. दोन तोंडांचे जोड मिळतात, पण त्यांतले पुष्कळ ९९ रुपयांच्या जातीचे असतात.

तिसरा प्रकार बिनतारी इअरबड्‌सचा. दादाने ते दिवाळीच्या बोनसमधून घेतले होते आणि त्याला त्यांचा अभिमान होता. "तू कॉमर्सवाला, तुला यातलं काय कळणार?" असे तो मला म्हणाला, परंतु डबी हातात दिली.

बिनतारी जोडणीचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये विखुरलेल्या टोळ्या एका राज्यात आणणाऱ्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून ते ठेवले गेले; निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून १९९८ साली त्यासाठी कंपन्यांचा संघ स्थापन झाला. लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, म्हणजे घरातले वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांच्याच शेजारच्या. गर्दी टाळण्यासाठी संदेश एका जागी बसत नाही. ७९ वाटांवर सेकंदाला १६०० उड्या मारीत तो जातो. दोन्ही यंत्रांना उड्यांचा क्रम ठाऊक असतो म्हणून ती एकमेकांना चुकत नाहीत. विटांच्या भिंतीपेक्षाही माणसाचे शरीर या लहरींना अधिक अडवते, कारण शरीरात पाणी भरपूर. टॅबलेट पाठीमागे ठेवून पालथे पडून ऐकल्यास आवाज तुटतो तो यामुळेच.

पहिली जोडणी अशी करावी. दोन्ही बड्‌स डबीत ठेवून झाकण उघडे ठेवावे आणि डबीवरील बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे; काही प्रकारांत बटण नसते, तेथे बड्‌सलाच दीर्घ स्पर्श करावा लागतो. मग टॅबलेटच्या सेटिंगमध्ये 'कनेक्टेड डिव्हायसेस' उघडून 'पेअर न्यू डिव्हाइस' निवडावे. आयपॅडवर नुसते 'ब्लूटूथ' उघडले की पुरे. यादीत इअरबड्‌सचे नाव दिसेल, त्यावर बोट ठेवावे व पडद्यावर विचारलेली परवानगी द्यावी. लुकलुकणारा दिवा हा प्रस्ताव आणि आपले बोट म्हणजे स्वीकृती. या क्षणी दोन्ही यंत्रे एक गुप्त किल्ली तयार करतात व प्रत्येक जण तिची प्रत आपल्याजवळ ठेवतो. पुढच्या वेळी दिवा लुकलुकावा लागत नाही. किल्ली दाखवली की काम होते. बँकेत खाते उघडताना एकदा कागदपत्रे द्यावी लागतात, नंतर नुसते पासबुक चालते, तसेच हे.

पुतणीच्या टॅबलेटवर हे सर्व यथासांग झाले होते. यादीत नाव होते, 'सेव्ह' असेही लिहिलेले होते. तरी रोज सकाळी आवाज टॅबलेटच्या स्पीकरमधून येई. दोन दिवस मी नुसते निरीक्षण केले, तेव्हा उलगडा झाला. डबी उघडली की इअरबड्‌स सामान्यतः ज्या यंत्राशी शेवटचे बोलले त्यालाच प्रथम हाक मारतात. रात्रपाळीच्या सुट्टीत दादा त्यांवर गाणी ऐके. सकाळी पुतणी डबी उघडी, आणि पलीकडे झोपलेल्या दादाच्या उशाशी असलेला फोन त्या हाकेला ओ देई. एकदा तर लेखाशास्त्राच्या धड्याऐवजी तिच्या कानात बापाच्या फोनचा गजर वाजला! साधे इअरबड्‌स एका वेळी एकाच यंत्राशी संबंध ठेवतात. काही महाग प्रकार दोन यंत्रांशी एकदम बोलू शकतात, पण तेथेही कोणाचा आवाज आधी, हा तंटा उरतोच.

यावर तात्पुरता उपाय सोपा : दादाने झोपण्यापूर्वी फोनचे ब्लूटूथ बंद करावे. दमून आलेल्या माणसाला ते रोज आठवत नाही, हेही खरे. कायमचा उपाय म्हणजे एका यंत्रातून नाव काढून टाकणे, 'फर्गेट' करणे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किल्लीच्या प्रती दोन्हीकडे असतात. टॅबलेटने किल्ली फेकली पण इअरबड्‌सनी ठेवली, तर पुढे नवी जोडणी करताना दोघांची खाती जुळत नाहीत व "पेअर झाले नाही" असा निरोप येत राहतो. अशा वेळी टॅबलेटमधून नाव काढावे आणि इअरबड्‌सनाही डबीत ठेवून, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे बटण दाबून, त्यांची सर्व जुनी ओळख पुसावी; मग पहिल्यापासून सुरू करावे. एकच कान वाजणे हा रोगही बहुधा याच उपायाने बरा होतो. तसे न झाल्यास डबीच्या तळाचे पिवळे संपर्क सुक्या कापसाने पुसावेत, कारण पुष्कळदा एक बड चार्जच झालेला नसतो.

बिनतारी प्रकारात आणखी दोन गोष्टी विद्यार्थ्यांना जाचतात. एक म्हणजे विलंब. आवाज आकुंचित करून पाठवणे व पुन्हा उलगडणे यात साधारण एक ते तीन दशांश सेकंद जातात. धडे पाहताना ते जाणवत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारे ॲप चित्रही तेवढेच थांबवते. खेळ खेळणाऱ्यांना मात्र जाणवते. (त्यांच्याबद्दल मला फार सहानुभूती नाही.) दुसरी गोष्ट अशी की, प्रत्यक्ष चालू असलेल्या ऑनलाइन तासाला आपण बोलण्यासाठी माइक सुरू केला की शिक्षकांचा आवाजही एकाएकी टेलिफोनसारखा चपटा होतो. बिघाड नसतो. ऐकणे आणि बोलणे दोन्ही एकदम करावयाचे तर बहुतेक इअरबड्‌स वेगळ्या, अरुंद रस्त्याने जातात. टॅबलेटचाच माइक वापरण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती निवडावी. आवाज पूर्ववत होतो.

हिशेब करायचा झाला तर माझे मत वायरच्या बाजूने पडते. वायरचा बरा इअरफोन तीन-चारशे रुपयांत येतो. त्याचा घसारा वायर तुटेपर्यंत शून्य धरावा, तुटल्यावर शंभर टक्के. बिनतारी जोडीत तीन बॅटऱ्या असतात, दोन कानांत व एक डबीत, आणि त्या वापरा किंवा ठेवा, दोन-तीन वर्षांत थकतातच. त्या बदलण्याची सोय स्वस्त मालात नसते. म्हणजे ही वस्तू विकत घेतली असे आपण म्हणतो, पण वास्तविक ती तीन वर्षांच्या भाड्याने घेतलेली असते. बिल मात्र दोन्हींचे मागून घ्यावे. अठरा टक्के जीएसटी आपण भरतोच, आणि बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे कोरा कागद.

आता कानाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. लहानांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज ९० डेसिबल झाला तर ४० तासांचे फक्त चार तास उरतात. दहा डेसिबल वाढले म्हणजे थोडेच वाढले असे वाटते, पण डेसिबलचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे : दहाची वाढ म्हणजे शक्ती दसपट, म्हणून वेळ एकदशांश.

सिल्वासासारख्या गावात हा आकडा निराळ्या रीतीने वाचावा लागतो. आपल्या देशात कारखान्यांच्या नियमांनी कामगारासाठी ठरवलेली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या कारखान्यातही एका पाळीतच कानाची आठवड्याची शिल्लक खर्च होऊन वर उचल झालेली असते. म्हणून कामावर कानात बोळे घालावयास देतात. परंतु पुष्कळ तरुण कामगार बोळ्यांऐवजी इअरबड्‌स घालतात, कारण दिसायला दोन्ही सारखेच आणि गाणेही ऐकता येते. ९० डेसिबलच्या घरघरीतून गाणे ऐकू यावे म्हणून ते आवाज तिच्याही वर चढवतात. बाहेरचा आवाज कापणाऱ्या महाग इअरबड्‌सनीही ही उणीव पुरी भरून येत नाही. ते खालच्या पट्टीतली संथ घरघर चांगली कापतात, तीक्ष्ण आवाज तितके नाही, आणि कामगाराच्या कानाचे संरक्षक साधन म्हणून ते प्रमाणित नसतात.

दादा घरीसुद्धा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवून ठेवी व "हल्ली बड्‌सचा आवाजच उतरलाय" अशी तक्रार करी. मी तेच कानात घातले तर अर्ध्या रेघेवर पुरे झाले. वहिनीने ते पाहिले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला गावातल्या सरकारी रुग्णालयात कान तपासायला नेले. तपासणीचा आलेख मी पाहिला. बोलण्याच्या खालच्या पट्टीत रेघ सरळ होती. ४००० हर्ट्झच्या आसपास तिला खळगा पडला होता. सततच्या गोंगाटाने होणारी हानी नेमकी तेथूनच सुरू होते. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे त्यामुळे आधी पुसट होतात आणि माणसाला वाटते की समोरचा पुटपुटतो आहे. आतील कानाच्या त्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टरांनी कामावर बोळे न चुकता घालण्यास व इअरफोन बंद ठेवण्यास सांगितले.

टॅबलेटवर आवाजाला कमाल मर्यादा घालता येते. आयपॅडच्या सेटिंगमध्ये 'साउंड्स' खाली 'हेडफोन सेफ्टी' आहे, तेथे डेसिबलचा आकडाच ठरवता येतो. अँड्रॉइडच्या काही टॅबलेटमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' या नावाने तशीच सोय आहे. जेथे ती नाही तेथे खोली शांत असताना आवाज ठरवावा आणि पंखा लावल्यावर तो वाढवू नये. एकच कान मोकळा ठेवून ऐकायचे असेल तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे एकाच कानात येते व आवाज चढवावा लागत नाही. आमच्या पुतणीने तेच केले. मी निघण्याच्या आदल्या दिवशी दादाने आपल्या फोनमधून इअरबड्‌सचे नाव स्वतः काढून टाकले आणि डबी तिच्या टॅबलेटशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलीकडे घोरत असताना तिचा घसाऱ्याचा धडा चालू होता.